‘एक्स, एंटर’ शिकवलंत, आता पुढचंही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या संगणक सदरात ऑटोकॅड या संगणकावर आरेखन करायच्या सॉफ्टवेअरबद्दल आलेला मजकूर वाचला. आरेखन शिकणाऱ्या मुलामुलींना मराठीत असं काही वाचायला मिळतं याचा आनंद आहे, आणि सदर बंद करू नका हेही आधीच सांगते. तक्रार आहे ती एकाच परिच्छेदाबद्दल. एखादी वस्तू एकगठ्ठा निवडली जात असेल आणि तिच्यातली एखादीच रेघ बदलायची असेल, तर ती निवडून एक्स दाबा, एंटर मारा, सुटे भाग होतील आणि काम सोपं होईल, असा तो सल्ला आहे. सल्ला चुकीचा नाही. एक्स्प्लोड ही कमांड नेमकं हेच करते. पण सुटे भाग होताना काय काय गळून जातं, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. ते गळताना पडद्यावर दिसतही नाही, म्हणून तर छापून सांगायला हवं.

मी दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंग तपासते. नोकरीची पहिली वर्षं ड्रॉइंग बोर्डावर ट्रेसिंग पेपर ताणून शाईने रेघा मारण्यात गेली; चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायची आणि कागद फाटू नये म्हणून श्वास रोखायचा. आता फायली येतात. इमारतींच्या, पाइपलाइनींच्या, यंत्राच्या सुट्या भागांच्या. फाइल उघडली की मी आधी चित्र बघत बसत नाही, दोन-चार वस्तूंवर क्लिक करून बघते. दरवाज्यावर क्लिक केल्यावर अख्खा दरवाजा निवडला गेला तर बरं वाटतं. नुसती एक रेघ निवडली गेली, की समजायचं, कुणीतरी ब्लॉक फोडलाय. मग पुढचा सगळा दिवस कसा जाणार याचा अंदाज येतो.

ब्लॉकचं गणित साधं आहे. दरवाजा एकदाच काढायचा, त्याला नाव द्यायचं आणि लागेल तिथे बसवायचा. त्याच्या रेघा फाइलमध्ये एकदाच साठतात. बसवलेल्या प्रत्येक दरवाज्यामागे फाइल एवढंच लिहून ठेवते: कुठला ब्लॉक, कुठे, किती स्केलने, किती अंशांत फिरवून. मूळ दरवाजा बदलला की सगळे बदलतात. ही कल्पना ऑटोकॅडच्या कितीतरी आधीची आहे. १९६३ साली आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीतल्या आपल्या प्रबंधासाठी टीएक्स-२ या संगणकावर ‘स्केचपॅड’ तयार केलं, त्यात एक मूळ आकृती आणि तिच्या हव्या तितक्या प्रती अशी सोय होती. मूळ आकृती बदलली की प्रती आपोआप बदलत. ऑटोकॅड आलं १९८२ साली. लाइट पेनने पडद्यावर रेघ ओढता येणं हेच जेव्हा नवल होतं, तेव्हाच त्या माणसाने ओळखलं होतं की संगणकावरच्या चित्रात रेघांइतकंच त्यांच्यातलं नातंही साठवून ठेवावं लागतं. फोडल्यावर रेघा सगळ्या राहतात. नातं जातं.

हे बोलणं फार तात्त्विक वाटत असेल तर टायटल ब्लॉक घ्या. शीटच्या कोपऱ्यातली ती चौकट: ड्रॉइंग नंबर, स्केल, तारीख, रिव्हिजन (सुधारित आवृत्ती), कुणी काढलं, कुणी तपासलं. ही माहिती ॲट्रिब्यूट म्हणून भरलेली असते, म्हणजे ब्लॉकच्या आत एकेका खणाला एकेक नाव आणि त्या नावापुढे भरलेली किंमत. एखाद्याला चौकटीची बाजूची रेघ जरा सरकवायची असते. तो एक्स मारतो. त्याक्षणी भरलेली सगळी माहिती उडते आणि तिच्या जागी खणांची नावं उभी राहतात. ‘रिव्हिजन सी’ होतं तिथे ‘आरईव्ही’, तारखेच्या जागी ‘डेट’. हुशार माणूस लगेच अनडू करतो. घाईतला माणूस त्या नावांवर हाताने साधा मजकूर टाइप करतो. शीट छापल्यावर दोन्हींत काही फरक दिसत नाही. फरक दिसतो तो पुढच्या रिव्हिजनला, जेव्हा सगळ्या शीट्सवरची तारीख एकदम बदलायची असते आणि एका शीटवर ती बदलतच नाही, कारण तिथे खणच उरलेला नाही. एकाच संचात दोन रिव्हिजनच्या शीट्स फिरू लागतात. जुन्या शीटवर काम करणाऱ्याला हे कळायचा काही मार्ग नसतो.

माहिती वाचवून फोडायची असेल तर त्यासाठी वेगळी कमांड आहे, बर्स्ट. एक्सप्रेस टूल्स या जादा साधनांच्या संचात ती मिळते. ती ॲट्रिब्यूटमधल्या किमती साध्या टेक्स्टमध्ये उतरवते आणि मग ब्लॉक मोकळा करते. आपल्या सदरात ही एक ओळ असती, तरी मी हे पत्र निम्मंच लिहिलं असतं.

आता डायमेन्शन, म्हणजे नकाशावर दाखवलेलं माप. इथे मात्र मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण बाकी सगळ्या फोडाफोडीने वेळ जातो, या एका फोडाफोडीने काम चुकतं.

डायमेन्शन म्हणजे दोन बाण, काही रेघा आणि एक आकडा, असं दिसतं. तो आकडा कुणी लिहिलेला नसतो. सॉफ्टवेअर दोन बिंदूंमधलं अंतर मोजून तो दाखवत असतं. बिंदू हलले की आकडा बदलतो. ऑटोकॅड २००२पासून तर डायमेन्शन थेट वस्तूलाच बांधता येतं. भिंत हलवली की माप तिच्यामागून जातं. डायमेन्शन फोडलं की त्याचे बाण, रेघा आणि मजकूर असे वेगवेगळे तुकडे होतात, आणि आकडा हा नुसता मजकूर होतो. त्यानंतर तो काहीच मोजत नाही.

माझ्याकडे तपासायला आलेल्या एका नकाशात खांबांच्या चार गाळ्यांची मापं ओळीने दिलेली होती: ४२००, ४२००, ४२००, ४२००, सगळी मिलिमीटरमध्ये. वरच्या ओळीत एकूण माप होतं १६६५०. चार वेळा ४२०० म्हणजे १६८००. दीडशे मिलिमीटर कुठे गेले? क्लिक करून पाहिलं तर तिसऱ्या गाळ्याचं माप फोडलेलं निघालं. ते फोडल्यानंतर कधीतरी कुणीतरी खांबांची रांग स्ट्रेच या ताणायच्या कमांडने १५० मिमी आत घेतली होती. स्ट्रेच केल्यावर मापाच्या रेघा खांबाबरोबर सरकल्या, बाणही बरोबर टोकाला जाऊन बसले. आकडा तेवढा जागच्या जागी राहिला. म्हणजे चित्र पाहून शंका यायला वावच नव्हता. बाण खांबावर टेकलेले, आकडा मधोमध, अक्षरांची उंची इतरांसारखीच. खरं अंतर ४०५०. एकूण माप फोडलेलं नव्हतं, म्हणून बेरजेत पकडलं गेलं. तेही फोडलेलं असतं तर बेरीज जुळली असती, आणि शेवटचा खांब कागदावरच्या मापाने चुकीच्या जागी उभा राहिला असता.

का फोडलं, म्हणून चौकशी केली. उत्तर अगदी साधं होतं: आकडा खांबाच्या हॅचवर (आत भरलेल्या रेघांच्या नक्षीवर) येत होता, वाचता येत नव्हता, म्हणून बाजूला घ्यायचा होता. त्यासाठी फोडायची गरजच नाही. डायमेन्शन निवडलं की आकड्यावर निळा ग्रिप (धरायचा छोटा चौकोन) दिसतो, तो धरून आकडा ओढायचा. एका बाजूची उभी रेघ नको असेल तर प्रॉपर्टीजमध्ये ती बंद करता येते. बाण बदलता येतात, अक्षरांच्या मागे पांढरी पट्टी देता येते. डायमेन्शन फोडण्यामागे माझ्या पाहण्यात आलेली जवळजवळ प्रत्येक गरज अशी न फोडता भागते.

(काही जण फोडत नाहीत, पण आकड्याच्या जागी स्वतःचा आकडा टाइप करतात. तेही पापच, पण निदान प्रॉपर्टीजमध्ये खरं माप आणि टाइप केलेलं माप दोन्ही दिसतं. पकडता येतं. फोडलेल्या मापात पुरावाही उरत नाही.)

आणखी एक छुपी जागा सांगते. डिमअसॉक नावाचं एक सेटिंग आहे. ते शून्यावर असेल तर डायमेन्शन काढतानाच फोडलेलं निघतं. कुणी एक्स मारायचीही गरज नाही. हे सेटिंग फाइलबरोबर साठतं. कुणीतरी कधीतरी शून्य करून ठेवलेलं असतं आणि त्या फाइलवरून नवी ड्रॉइंग काढत गेलं की ते सगळीकडे पसरतं. नवी फाइल हातात आली की ते तपासावं. २ असायला हवं.

लेयर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे ड्रॉइंगचे थर) आणि रंगांचा गोंधळ जिवावर बेतत नाही, पण डोकं खातो. चांगला ब्लॉक करणारा माणूस ब्लॉकच्या आतल्या रेघा लेयर शून्यावर काढतो, म्हणजे ब्लॉक ज्या लेयरवर बसवाल त्याचा रंग आणि जाडी तो घेतो. फर्निचरच्या लेयरवर बसवला की फर्निचरसारखा दिसतो. फोडला की आतल्या रेघा पुन्हा लेयर शून्यावर परततात. ज्यांचा रंग ब्लॉकवरून घ्यायचा म्हणून ठरवलेला असतो, त्या काळ्या-पांढऱ्या होतात. मग फर्निचरचा लेयर बंद केला तरी दोन खुर्च्या आणि अर्धं टेबल नकाशात तरंगत राहतं. त्यात ब्लॉकच्या आत ब्लॉक असेल तर एक्स एका वेळी एकच पातळी उघडतो: टॉयलेट फोडलं की बेसिन मिळतं, बेसिन फोडलं की नळ. तोवर मुलं सगळं निवडून एक्स, एक्स, एक्स मारत सुटतात आणि जे फोडायचं नव्हतं तेही फुटतं. ब्लॉक आडवा-उभा वेगवेगळ्या स्केलने ताणलेला असेल तर आतल्या वर्तुळांचे लंबवर्तुळ होतात. त्यांना मग त्रिज्या नाही, व्यासाचं माप देता येत नाही.

रंग, लेयर वगैरे सांभाळूनच फोडायचं असेल तर एक्सप्लोडच्या स्पेलिंगमधला पहिला ‘ई’ गाळून लिहा. ती वेगळी कमांड आहे. सुट्या भागांना कुठला लेयर, कुठला रंग, कुठली जाडी द्यायची, की मूळ ब्लॉकचंच सगळं घ्यायचं, ते ती आधी विचारते. इतकी वर्षं ती तिथे आहे आणि क्वचितच कुणी वापरताना दिसतं.

हॅचबद्दल थोडक्यात: एखाद्या मोठ्या स्लॅबची बारीक नक्षीची हॅच फोडली की हजारो सुट्या रेघा होतात, फाइल जड होते, झूम करताना पडदा अडखळतो, आणि हॅचवर क्लिक करून क्षेत्रफळ वाचायची सोय जाते. सीमा बदलली तर हॅच तिच्यामागे जात नाही. टेबल फोडलं की नुसत्या रेघा आणि शब्द. एमटेक्स्ट (अनेक ओळींचा मजकूर) फोडला की प्रत्येक ओळ वेगळी. मधे एक शब्द घालायचा तर खालच्या सगळ्या ओळी हाताने सरकवा. त्रिमितीतला भरीव ठोकळा फोडला की त्याचे नुसते पृष्ठभाग उरतात, घनफळ विचारायला वस्तूच राहत नाही.

पॉलिलाइनचं, म्हणजे अनेक तुकडे जोडून झालेल्या एकसंध रेघेचं, मात्र वेगळं सांगायला हवं. सळयांचे तपशील काढणारे सळई जाड पॉलिलाइनने दाखवतात. ती फोडली की जाडी जाते, सळई केसासारखी होते, आणि आजूबाजूच्या बाह्यरेषांत हरवून जाते. शिवाय पॉलिलाइनवर क्लिक केलं की एकूण लांबी मिळते, वाकवलेल्या सळईची लांबी काढायला ती कामाला येते. फोडल्यावर एकेक तुकडा मोजून बेरीज करत बसा. बंद पॉलिलाइन फोडून पुन्हा जोडताना कुठेतरी केसभर फट राहते आणि मग हॅच ‘सीमा सापडत नाही’ म्हणून हटून बसते. ही फट शोधण्यात घालवलेला वेळ कुठल्या बिलात लावायचा ते मला अजून समजलेलं नाही.

मग लोक का फोडतात? आळस म्हणून सोडून देणं मला पटत नाही. नव्या मुलाला भीती असते, आणि ती अगदी योग्य भीती असते: ब्लॉक बदलला तर सगळेच दरवाजे बदलतील, मला तर हा एकच वेगळा हवा आहे. म्हणून तो तेवढा एक दरवाजा फोडतो. हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर द्यायला हवं. बीएडिटने ब्लॉक एडिटरमध्ये दरवाजा उघडायचा, काही बदलण्याआधीच बीसेव्हॅजने वेगळ्या नावाने साठवायचा, मग बदल करायचा आणि तो नवा ब्लॉक त्या एका जागी बसवायचा. जुने दरवाजे जुनेच राहतात. चार क्लिक जास्त लागतात, पण तो दरवाजा दरवाजाच राहतो. शेड्यूल (दारं-खिडक्यांची यादी) काढताना मोजला जातो. चोवीसपैकी एक दरवाजा फोडलेला असेल तर ब्लॉक मोजून काढलेल्या यादीत तेवीसच येतात, आणि नकाशात डोळ्यांनी मोजलं तर चोवीस. त्या एका दरवाज्यावरून मी माणसांना तासभर वाद घालताना पाहिलं आहे. दोघेही बरोबर होते.

सगळेच दरवाजे बदलायचे असतील तर रेफएडिट आहे, नकाशाच्या जागीच ब्लॉक उघडून, आजूबाजूचं बघत दुरुस्त करता येतो. रुंदी वेगवेगळी हवी असेल तर २००६पासून डायनॅमिक ब्लॉक आहेत; एकाच दरवाज्याला ओढून लहान-मोठा करायची मूठ देता येते. ब्लॉकमधली एखादीच रेघ उचलून बाहेर न्यायची असेल तर एनकॉपी. ब्लॉक शाबूत, रेघेची प्रत हातात. एक्सरेफमधूनही (नकाशाला जोडलेल्या दुसऱ्या फाइलमधूनही) ती रेघ उचलते, आणि एक्सरेफ तर एक्सने फुटतही नाही, आधी बाइंड करावा (नकाशात सामावून घ्यावा) लागतो. ब्लॉकचा काही भाग फक्त दिसायला नको असेल तर एक्सक्लिप. आणि निव्वळ ब्लॉकच्या कडेपर्यंत रेघ ट्रिम करायची म्हणून जे फोडतात त्यांच्यासाठी: ट्रिमला ब्लॉकची कड तशीच चालते. ऑब्जेक्ट स्नॅपही ब्लॉकच्या आतल्या टोकांना पकडतो. यासाठी फोडणं म्हणजे खिशाचं माप घ्यायला शिवलेला सदरा उसवण्यासारखं आहे.

दोष एकट्या नवशिक्यांचा नाही. काही ज्येष्ठ मंडळी ब्लॉक करताना ‘फोडू द्या’ ही खूण काढून टाकतात किंवा मिनसर्टने ब्लॉक बसवतात, कारण तो ब्लॉक फुटत नाही. आपलं काम सुरक्षित राहिलं, असं त्यांना वाटतं. पुढच्या माणसाला त्यात खरोखर दुरुस्ती करायची असते, त्याला हे कुलूप का लावलंय ते माहीत नसतं, मग तो सगळंच पुसून त्यावर नव्याने रेघा मारतो. ही फोडण्याहून वाईट गत. ब्लॉकला नाव ‘ए१’, ‘नवीन२’, ‘फायनलफायनल’ असं देणाऱ्यांनाही माझा नमस्कार. नाव वाचून काय आहे ते कळत नसेल तर समोरचा उघडून बघणारच, आणि उघडायची त्याला माहीत असलेली एकच पद्धत म्हणजे एक्स.

फोडू नकाच, असं मी म्हणत नाही. लेझर कटिंगला फाइल द्यायची असेल तर मशिनच्या सॉफ्टवेअरला बऱ्याचदा ब्लॉक, डायमेन्शन, टेक्स्ट यांतलं काही नको असतं. नुसते बंद आकार हवे असतात. तिथे ब्लॉक मोकळे करावेत, अक्षरं कोरायची असतील तर टीएक्सटीएक्सपीने त्यांच्या पॉलिलाइन कराव्यात, एकावर एक पडलेल्या दुहेरी रेघा ओव्हरकिलने काढाव्यात, नाहीतर मशिन तीच कड दोनदा कापतं. पॉलिलाइनचा एकच तुकडा वेगळ्या लेयरवर न्यायचा असेल तरीही फोडणं रास्त. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमधल्या, आपल्याकडे उघडल्यावर नुसत्या चौकटी म्हणून दिसणाऱ्या वस्तू आल्या, तर कधी फोडण्यावाचून इलाज नसतो. पण हे सगळं मूळ फाइलची वेगळी प्रत करून. प्रतीच्या नावातच ‘कटिंग’ किंवा ‘फोडलेली’ असं लिहावं. मूळ फाइलवर फोडून सेव्ह केलं आणि फाइल बंद केली, की अनडूही संपला.

सॉफ्टवेअर बदललं म्हणून प्रश्न सुटत नाही. रेव्हिटमध्ये ऑटोकॅडची ड्रॉइंग आणून ती पार्शल किंवा फुल एक्स्प्लोड करता येते, पण १०,०००हून जास्त घटक निघणार असतील तर ते नकार देतं. मला तो नकार फार समंजस वाटतो. फ्रीकॅडमध्ये डाउनग्रेड नावाचं बटण हेच काम पायरीपायरीने करतं, आणि त्याच्या शेजारीच उलट्या दिशेने नेणारं अपग्रेड आहे. लिब्रेकॅडमध्येही फोडता येतं, टेक्स्टची सुटी अक्षरंही होतात. प्रत्येक ठिकाणी तेच: सोपी वस्तू सहज मिळते, पुन्हा तीच वस्तू व्हायला हाताने काम करावं लागतं.

शिकवणाऱ्यांकडेही एक मागणं आहे. परीक्षेत कोरा पडदा देऊन नकाशा काढायला सांगतात आणि छापलेली शीट पाहून गुण देतात. छापलेल्या शीटवर फोडलेलं आणि न फोडलेलं सारखंच दिसतं, त्यामुळे एक्स मारणाऱ्याला आणि बीएडिट करणाऱ्याला सारखेच गुण मिळतात. त्याऐवजी तयार फाइल द्यावी. एका प्रकारच्या खिडक्या सगळ्या १२०० वरून १५०० करा, एक तेवढी जुनीच ठेवा, मापं जुळवा, खिडक्यांची यादी काढून दाखवा, असं सांगावं. मग फाइल उघडून दोन वस्तूंवर क्लिक करून बघावं. कामावर गेल्यावर मुलांना कोरा पडदा क्वचितच मिळतो. दुसऱ्याची फाइल रोज मिळते.

शेवटी, ज्यांच्याकडे आधीच फोडलेली फाइल येऊन पडली आहे त्यांच्यासाठी. आपल्या सदरात याच परिच्छेदाच्या आधी ‘फाइल हलकी करायला पर्ज करा’, म्हणजे न वापरलेल्या व्याख्या काढून टाका, असाही सल्ला आहे. फोडलेल्या फाइलवर तो लगेच पाळू नका. बसवलेले सगळे दरवाजे फोडले तरी मूळ ब्लॉकची व्याख्या फाइलमध्ये शिल्लक असते. ब्लॉक बसवायची इन्सर्ट कमांड उघडून यादीत नाव शोधा. सापडलं तर तो ब्लॉक फोडलेल्या दरवाज्यावर बरोबर बसवा, खालच्या सुट्या रेघा पुसा, सगळे झाले की मगच पर्ज करा. डायमेन्शनची मात्र अशी व्याख्या कुठे साठलेली नसते. ती दोन टोकं पकडून नव्यानेच द्यावी लागतात, आणि देताना जुना फोडलेला आकडा पुसण्याआधी नव्या आकड्याशी ताडून बघावा. दोन्हींत फरक निघाला, तर कुठलं माप खरं हे स्वतः ठरवू नका, ज्याने नकाशा दिला त्याला विचारा.

आपली,
ड्रॉइंग तपासणारी एक वाचक